सकाळचा अंगठा

दिवा राहू दे बंद. मघाशी तुम्हीच म्हणालात ना, अंधारात मजा येते म्हणून? आता जो उठून बटणाकडे जाईल त्यानं सरळ खाली जाऊन झोपायचं. आणि तू गं चष्मेवाली, तो मोबाइल उलटा ठेव. तोंडावर निळा उजेड पडला की तूच भुतासारखी दिसतेस.

आधीच सांगून ठेवतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. उभा जन्म टेम्पो चालवला. निम्म्या रात्री रस्त्यावर काढल्या. पुलावर एकट्यानं चाक बदललंय, स्मशानाच्या भिंतीला टेकून डबा खाल्लाय. पोलीस सोडले तर मला कुणी आडवं आलं नाही. खोटंच सांगायचं असतं तर बिनमुंडक्याचा माणूस आणला असता, उलट्या पायांची बाई आणली असती. ही गोष्ट एका ड्रेसिंग टेबलाची आहे. हसा. आत्ताच हसून घ्या.

तीन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. थोरलीचा फोन आला, काका, रविवारी टेम्पो रिकामा आहे का, दादाच्या घरून एक वस्तू आणायचीय. थोरली म्हणजे आमच्या पॉलिशवाल्या मिस्त्रींची मोठी मुलगी. ज्या फर्निचरच्या कारखान्याचा माल मी पोचवायचो, तिथले हे मिस्त्री. सगळा कारखाना तिला थोरलीच म्हणायचा. औषधांच्या दुकानात गोळ्या मोजून पाकिटं भरायचं काम करायची ती. नवरा रात्रपाळीचा पहारेकरी, बिचारा स्वभावानं इतका गरीब की चोर आला तर त्याला आधी बसायला खुर्ची देईल. गल्लीच्या टोकाला तळमजल्यावर दोन खोल्या, मागं एक बारकी खोली, एवढं त्यांचं घर.

गेलो तिच्या भावाकडे. तो मोबाइल दुरुस्त करतो. म्हणाला, न्या लवकर, जागा अडवून बसलंय, मी तर भंगारवाल्यालाच बोलावणार होतो. बघतो तर काय, मिस्त्रींनी स्वतःच्या लग्नात बायकोसाठी केलेलं सागवानी ड्रेसिंग टेबल. तीन खण, वर आरसा, आरशाच्या दोन्ही अंगांना कोरलेली वेल. पण छत गळून पाणी वरच्या फळीवर ठिबकत राहिलेलं. पॉलिश कुठं दुधासारखं पांढरं पडलेलं, कुठं काजळीसारखं काळं. मी म्हटलं, बाई, हे आता जळणाच्याच कामाचं.

थोरलीनं फळीवरून हात फिरवला. म्हणाली, "लाकूड शाबूत आहे काका. वरची कातडी गेलीय फक्त."

ही मिस्त्रींची भाषा. ऐकून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. का वाईट वाटलं ते आता सांगतो.

मिस्त्री म्हणजे हाताचं सोनं आणि जिभेचं कडू कारलं. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाच्या गोळ्यावर जुनं मऊ कापड गुंडाळून बोळा करायचा, त्या बोळ्यानं लाकडावर इंग्रजी आठाचे आकडे काढत राहायचं. बोळा थांबला की चिकटला, चिकटला की डाग. एकावर एक असे थर चढले की लाकडात तोंड दिसायला लागतं. मिस्त्रींच्या हातचं टेबल बघून बायका केस सारखे करायच्या. त्यांनी पोरं पुष्कळ शिकवली. पण शाबासकी नावाची गोष्ट त्यांच्याकडे नव्हती. काम झालं की फळीच्या उजव्या कोपऱ्यात अंगठा दाबायचे. ठसा उमटला तर नापास, सगळं घासून परत. नाही उमटला तर न बोलता पुढं जायचे. तीच शाबासकी. आणि अंगठाही कसा, तर शेंडा करवतीनं तिरका उडवलेला. अर्धाच. आख्ख्या कारखान्यात तो ठसा ओळखायला चष्मा लागत नसे.

आणखी एक. त्या कारखान्यात एक वेडगळ समज होता, बाईचा हात ओला असतो. बाईनं बोळा धरला की पॉलिश वाळत नाही म्हणे. कुणी काढला देव जाणे. पण मिस्त्रींनी तो डोक्यात पक्का धरला होता. थोरली लहानपणी शाळा सुटली की कारखान्यात यायची, बापाच्या हाताकडे टक लावून बघत बसायची. तिच्या वाट्याला काम काय, तर पॉलिशची फडकी धुवायची. भावाला मात्र कानाला धरून बसवायचे. त्याचं लक्ष बाहेर पतंगाकडे.

बारा वर्षांची असताना तिनं एका जुन्या स्टुलाला चोरून पॉलिश केलं. मी तिथंच होतो, माल भरत होतो. सुंदर केलं होतं हो. मिस्त्री आले, बघितलं. अंगठा दाबला. ठसा उमटला. "बघ. हात ओला," एवढंच म्हणाले आणि स्टूल खाली ठेवलं. पोरगी रडली नाही. फडकी उचलून नळाकडे गेली. त्यानंतर ती कारखान्यात आली नाही.

मिस्त्री गेले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यांचा बोळा, मऊ बनियनच्या कापडाचा, निळ्या दोऱ्याची गाठ मारलेला, तो त्यांच्या शर्टाच्या खिशात मी स्वतःच्या हातानं ठेवला. त्यांच्याबरोबरच गेला तो. आगीत. हे लक्षात ठेवा.

तर मिस्त्रींची जागा रिकामी. नवा मालक मशीननं पॉलिश फवारायचा. चकचकीत व्हायचं, पण जुनी गिऱ्हाइकं हात फिरवून बघायची आणि परत जायची. थोरली सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली, म्हणाली, ती जागा मला द्या. तो हसला नाही, एवढं त्याचं भलं. म्हणाला, एक काम करून दाखव. येत्या रविवारी सकाळी बघायला येतो. वडिलांच्या तोडीचं असेल तर सोमवारपासून त्यांच्या जागेवर बस. नसेल तर तुझ्या गोळ्या आहेतच.

म्हणून ते टेबल. कळलं? तिला दुसरी एखादी खुर्ची घेता आली असती. पण ती कुणाची मुलगी? ज्यानं नापास केलं त्याच्याच लाकडावर पास व्हायचं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

मागच्या खोलीत टेबल ठेवलं. आरसा काढून भिंतीला टेकवला. दुकानातून आली की रात्रीपर्यंत तेच. जुनं पॉलिश स्पिरिटनं सुटं करून काचेच्या तुकड्यानं खरवडलं. मग काचकागद, आधी जाडा, मग बारीक, लाकडाच्या रेषेबरोबर, आडवा हात एकदाही नाही. हातांची सालटी निघाली. नवरा म्हणाला, अगं, आपल्याला खायला घालणार आहे का ते टेबल? ती म्हणाली, घालेल.

गुरुवारी रात्री पॉलिशचे थर पुरे झाले. फळीत वरचा बल्ब जसाच्या तसा दिसायला लागला. तिनं दार ओढून घेतलं आणि पुढच्या खोलीत आडवी झाली. नवरा कामावर. डोळा लागता लागता आतून आवाज आला.

टक.

एकच. बोटाच्या पेरानं लाकूड ठोकल्यासारखा. रात्री लाकूड आवळतं, वाजतं. मिस्त्रींची मुलगी, तिला हे काय सांगायचं? कूस बदलून झोपली.

सकाळी बघते तर फळीच्या उजव्या कोपऱ्यात अंगठ्याचा ठसा. आधी वाटलं, आपलाच लागला असेल. स्वतःचा अंगठा जवळ नेऊन बघितला. हिचा गोल, आख्खा. फळीवरचा तिरका उडालेला. अर्धा.

कुणाला सांगितलं नाही तिनं. काचकागद घेतला आणि घासायला बसली. नवरा पाळीवरून आला, म्हणाला, उंदीर असेल. ती म्हणाली, "उंदराला अंगठा असतो का?" तो बिचारा चूळ भरायला निघून गेला.

शुक्रवारी दुकानात दांडी. दिवसभर पुन्हा थर चढवले. रात्री खिडकीला कडी, दाराला कुलूप, किल्ली उशाखाली. मध्यरात्र उलटली तेव्हा आत कुणीतरी फडकं झटकलं. मग पावलं. टाच घासत चालायची सवय असते ना काहींना, तशी. खोलीभर एक फेरी. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. मग…

टक.

ही उठून बसली. किल्ली मुठीत. पण दारापर्यंत पाय गेले नाहीत, हे तिनंच मला सांगितलं. सकाळी कुलूप जसंच्या तसं. खिडकीची कडी जशीच्या तशी. आणि कोपऱ्यात ठसा. गुरुवारच्यापेक्षा खोल. जोर लावून दाबल्यासारखा.

तुम्ही असता तर काय केलं असतं? टेबल विकलं असतं, गंडेदोरे केले असते. तिची आधी भीती गेली आणि मग डोकं सणकलं. शनिवारी सकाळीच माझ्या दारात हजर. केसात लाकडाचा भुसा, डोळे लाल. बसली नाही की पाणी प्यायली नाही. उभ्या उभ्या विचारलं, "काका, बाबा पोरांच्या कामावर अंगठा कधी लावायचे?"

मी म्हटलं, सकाळी. चहा झाला की. रात्रभर पॉलिश वाळू द्यायचे आणि मग बघायचे.

"सगळ्यांच्या?"

मी म्हटलं, हो, सगळ्यांच्या. लाखेचं पॉलिश वरून तासाभरात वाळलेलं दिसतं, पण आतून रात्रभर मऊच असतं. त्याआधी दाबलं तर खुद्द मिस्त्रींच्या पॉलिशवर ठसा उमटेल.

 मग हळू आवाजात म्हणाली, "आणि माझं स्टूल?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तिनं ते स्टूल संध्याकाळी पुरं केलं होतं. मिस्त्रींनी अंगठा लावला तेव्हा दिवे लागत होते. पोरांना रात्र द्यायचे. हिला तासही दिला नाही. आणि तिला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, सकाळी ती शाळेत असायची. एवढी वर्षं ती पोरगी आपला हातच ओला आहे असं समजून जगली. मला मिस्त्रींचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात. मला आला.

ती एवढंच म्हणाली, "बरं." आणि गेली.

आता ती शनिवारची रात्र. फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार, पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले. हे सगळं तिनं मला जसं सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

दिवसभर घासून, थर चढवून संध्याकाळी फळी पुन्हा तयार झाली. आता पुन्हा घासायला वेळ नव्हता. सकाळी मालक येणार. ठसा उमटला की संपलं, सोमवारी गोळ्या मोजायच्या. नवऱ्यानं विचारलं, आज सुट्टी टाकू का? ती म्हणाली, नको, हे माझं आणि बाबांचं आहे. तरी तो दारात घुटमळला. मग गेला.

तिनं दाराला कुलूप लावलं नाही. उपयोग काय? मागच्या खोलीत टेबलासमोर स्वयंपाकघरातलं स्टूल ठेवलं आणि बसली. हात मांडीवर. डोक्यावर बल्ब जळतोय. समोर फळी. फळीत बल्ब.

एक कुत्रं भुंकलं, गप्प झालं. शेजारचा टीव्ही बंद झाला. गल्लीतलं शेवटचं दार लागलं.

मग गारवा आला. खिडकी बंद होती. स्पिरिटचा वास अचानक दाट झाला. बाटलीला तर तिनं बूच लावलेलं. मागून पावलं आली. टाच घासत. दारातून आत… तिच्या पाठीमागून… टेबलाच्या उजव्या अंगाला. थांबली.

तिनं मान वळवली नाही. फळीकडेच बघत होती.

वर बल्ब जळत होता.

फळीतला बल्ब विझला.

समजलं का? पॉलिशमध्ये जो बल्ब दिसत होता, तो झाकला गेला. कुणीतरी फळीवर वाकलं की जसा झाकला जाईल तसा. पण वाकलेलं कुणी नव्हतं. खोलीत ती आणि टेबल.

…काय गं? काही नाही, वारा आहे. दाराची कडी हलली असेल. बस जागेवर.

तर थोरलीनं उजवा हात पुढं केला आणि फळीच्या कोपऱ्यावर धरला. टेकवला नाही. बोटभर वर, अधांतरी. झाकण धरल्यासारखा. आणि बोलली. 

"बाबा, पोरांच्या कामावर तुम्ही सकाळी अंगठा लावायचात. माझ्याच कामावर रात्री का?"

हात तसाच धरून ती पुढं म्हणाली,

"मला आज कळलंय. सकाळपर्यंत थांबायचं. तुम्हीही इथंच, मीही इथंच."

 मग हिच्या हातावर काहीतरी टेकलं. मागच्या बाजूला, पंजाच्या मधोमध. गार. लहानसं. अंगठ्याएवढं.

आणि दाबायला लागलं.

आता बघा कसा पेच पडला. हात बोटभर वर. तो खाली गेला तर हिचाच पंजा पॉलिशवर बसणार. हिच्याच हातानं हिचं काम खलास. आणि हात काढून घेतला तर खाली कोपरा मोकळा. सुटका कुठंच नाही. नुसतं धरून राहायचं.

ती धरून राहिली.

दाब वाढला. खांदा भरून आला.  हाताला घाम फुटला. घामाचा एक थेंब त्या पॉलिशवर पडला की पांढरा डाग, मिस्त्रींना हे ठाऊक होतं आणि हिलाही. तिनं कोपर खाली केलं, घाम मनगटावरून कोपराकडे वळवला आणि मांडीवर गळू दिला. पंजा तिथंच.

"हात ओला आहे ना माझा?" ती म्हणाली. "आहे ओला. बघा, फळीवर थेंब पडतोय का."

दाब आणखी वाढला. बोटांची टोकं पॉलिशच्या इतकी जवळ गेली की फळीतली बोटं खालून वर यायला लागली. केसाएवढं अंतर. ती म्हणाली, काका, मला तेव्हा रडू येत होतं, पण डोळ्यातलं पाणीसुद्धा फळीवर पडायची भीती. म्हणून रडलेच नाही.

मग तिनं ते सांगितलं जे बारा वर्षांची असताना सांगायचं राहिलं होतं. स्टूल चांगलं झालं होतं म्हणाली. तुम्हाला ते कळलं होतं. कळलं म्हणूनच सकाळपर्यंत थांबला नाहीत.

हे बोलल्यावर…

…दाब थांबला. गेला नाही. वाढायचा थांबला. हिच्या हातावर ते गार तसंच टेकलेलं. फळीतला बल्ब विझलेला.   किती वेळ, तिला सांगता येत नाही. खांद्यातली कळ गेली, मग खांदाच गेला. आपला हात आहे की लाकडाचा, कळेना. मध्येच वाटायचं, सोडून द्यावं. मग त्या नळाखालच्या फडक्यांची आठवण यायची. की परत हात ताठ.

खिडकीची फट पांढरी झाली. लांबून पहिल्या बसचा आवाज आला. नवरा त्याच बसनं यायचा.

"झाली सकाळ," थोरली म्हणाली. "आता लावा."

आणि हात काढून घेतला.

कोपरा मोकळा. ती बघतेय. आरशावर फुंकर मारल्यावर वाफ धरते ना, तशी एक धुरकट खूण फळीवर उमटली. तिरकी. अर्धी. वाढत वाढत स्पष्ट झाली. दाबून धरलेली. 

मग ती खूण कडेनं विरायला लागली. विरली. खाली पॉलिश लख्ख. ओरखडा नाही, ठसा नाही, काही नाही. फळीतला बल्ब पेटला.

मग तळातून, खणातून, आवाज आला. टक. पावलं ऐकू आली नाहीत. गारवा मात्र गेला.

नवरा आला तेव्हा ती स्टुलावर बसल्या बसल्या झोपलेली. त्यानं तिच्या खांद्यावर चादर टाकली आणि टेबलाला हात लावला नाही, शहाण्यासारखा.

उन्हं वर आली तेव्हा मालकाला घेऊन मी पोचलो. इथून पुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं. मालकानं खाली वाकून, तिरकं बघून, फळी तपासली. अंगठा दाबला. काही उमटलं नाही.  मग म्हणाला, अगदी वडिलांचा हात आहे.

"माझा आहे," थोरली म्हणाली. हात पुढं केला. मागच्या बाजूला थंडीनं निळं पडल्यासारखा बारका डाग होता. तो तिला दिसला तेव्हा तिनं हात पदराखाली घेतला. दुपारपर्यंत डाग गेलाही.

मालक म्हणाला, उद्यापासून ये. मग खण नीट सरकतात का बघायला त्यानं तळचा खण ओढला.

आत बोळा.

मऊ बनियनच्या कापडाचा. निळ्या दोऱ्याची गाठ. मी खाली बसलो आणि हातात घेतला. पोरांनो, माझ्या हातानं खिशात ठेवलेला बोळा मी ओळखणार नाही का? कापडाला जळकेपणा नाही, वास नाही. ओला होता. नुकता स्पिरिटमध्ये बुडवून पिळल्यासारखा ओला. माझी बोटं गार पडली.

मालकाला काय कळणार? म्हणाला, वा, बोळाही छान केलायस.

मी थोरलीकडे बघितलं. ती बोळ्याकडे बघत होती. कधी पाहिला नाही असा तिचा चेहरा होता. वाटलं, आता घेईल, डोळ्याला लावेल. बापानं दिलेली पहिली वस्तू ती.

ती म्हणाली, "ठेवा काका परत. माझा मी बनवलाय."

आणि स्वतः पायानं खण आत ढकलला.

दुसऱ्या दिवसापासून ती मिस्त्रींच्या जागेवर बसते. आता हाताखाली चार पोरं आणि दोन पोरी आहेत. अंगठा लावते. सकाळीच. चहा झाल्यावर. आणि काम जमलं असेल तर तोंडानं सांगते, छान झालंय म्हणून. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

ते टेबल तिच्याच घरात आहे. तळचा खण ती वापरत नाही. बोळा टाकलाही नाही आणि हातातही घेतला नाही.

आता तुम्हाला एक सांगतो, मग झोपा. स्पिरिटचं काय असतं, बाटली उघडी राहिली तर दुसऱ्या दिवशी तळ दिसतो. बोळा बाहेर राहिला तर तासाभरात दगड होतो, म्हणून तो डब्यात झाकून ठेवावा लागतो. तीन वर्षं झाली त्या रविवारला.

परवा तिच्याकडे गेलो होतो. ती चहा करायला आत गेली. मी तो खण जरासा ओढला आणि बोट लावून बघितलं.

ओला आहे अजून.